मागचा पाटा तुटलाय, कमी खर्चात मजबूत कसा करायचा? (तातडीचे)

मोहर्लीकर
मागचा पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) तुटला, गाडी एका बाजूला बसलीय. नवीन सेट परवडत नाही. वेल्डिंग मारलं तर चालेल का? की एक पाटा जास्तीचा टाकून घेऊ? १ ऑक्टोबरला जंगल सफारीचं गेट उघडतंय, त्याआधी गाडी पाहिजे. लवकर सांगा.

लोखंडी
गाडी कोणती? कितवा पाटा? मधे तुटला की रबरी बुश बसतो त्या टोकाच्या गोलापाशी?
वेल्डिंगचं नाव काढू नका. स्प्रिंग स्टीलला कार्बन जास्त, टाक्याशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पहिल्याच खड्ड्यात कडकन जातो.

मोहर्लीकर
जिप्सी. मेन पाटा (सगळ्यात वरचा), ड्रायव्हर साइड, मधल्या भोकातून.

घाटवाट
जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या हाऊसिंगच्या खाली असतात. ते वर घ्या, चांगली पाच इंच उंची मिळते, दगडावर खाली काही घासत नाही. पाटे टेकायला नवीन पॅड वेल्ड करायचे, बस.

लोखंडी
@घाटवाट, त्यांनी उंची मागितलीच नाही. पाटे वर घेतले की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेक होज अपुरा पडतो, पुढेही तेच केलं तर स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो. हे बजेटचं काम नाही.
मोहर्लीकर, भोकातून तुटला म्हणजे पाटे हाऊसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले होते. ते आवळलेले असले तर पाट्याचा मधला भाग वाकतच नाही. ढिले झाले की वाक थेट भोकापर्यंत येतो, आणि पाटा सगळ्यात कमजोर तिथेच. हे सुधारलं नाही तर जास्तीचा पाटा टाकूनही नवा मेन पाटा तिथेच जाणार.

जुगाडू
चंद्रपूर-घुग्घुस पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांमुळे पाटेवाले ढिगाने आहेत. भंगारातला ट्रकचा पाटा गॅसने कापून घ्या, आयुष्यभर बघायला नको.

लोखंडी
गॅसने कापला की कडेचं पाणी (स्टीलला दिलेला कडकपणा) उतरतं, तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ८ मिमी घातला तर तो एकच पाटा २.३७ पट ताठ. बाकीचे नुसते सोबतीला, सगळा मार त्याच्यावर आणि चॅसिसला पाटा धरणाऱ्या हँगरवर. पाटेवाल्याकडे जरूर जा, पण त्याच जाडी-रुंदीचा नवा पाटा बनवून घ्यायला.

नियमपंडित
मोटार वाहन कायदा कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय गाडीत बदल करता येत नाही.

जुगाडू
पाटा बदलणं म्हणजे दुरुस्ती, साहेब. त्याला कसली परवानगी?

जिम्नीवाला
जिम्नी घ्या. कॉइल स्प्रिंग, पाट्यांची कटकटच नाही.

घाटवाट
पाटा तुटला म्हणून नवी गाडी! जिप्सी बंद करायलाच नको होती.

मोहर्लीकर
भाऊ, जिम्नी राहू द्या. मागे उंच सीटा आहेत, सहा पर्यटक, गाइड आणि मी. एवढ्या वजनाला एक पाटा वाढवू की नको?

लोखंडी
अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं! मग वाढवा, पण दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला वाढवला तर गाडी दुसरीकडे झुकेल.
मेन पाट्याखाली त्याच जाडीचा, जवळपास तेवढ्याच लांबीचा पाटा घाला. समजा पाच होते, तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढेल. रिकामी गाडी थोडी उडेल, पण भरल्यावर बसणार नाही. दुसऱ्या बाजूचा मेन पाटा ब्रशने साफ करून भोकापाशी नीट बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी तोही बदला. बाकीचे बसले असतील तर कमान चढवून घ्या, मात्र नुसती ठोकून चढवलेली कमान लवकर उतरते.

वजन चॅसिसखालच्या स्टँडवर, हाऊसिंग वेगळ्या जॅकवर. मधल्या भोकातला सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांच्या गठ्ठ्याला क्लॅम्प लावा, नाहीतर तो उघडून अंगावर येतो. यू-बोल्ट जुने परत लावू नका, ते ताणलेले असतात. आता गठ्ठा एका पाट्याने जाड झाला, तेव्हा तेवढे लांबही हवेत. सेंटर बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात बसलंय का हे बोट घालून बघा. मग यू-बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. नटाबाहेर चारही टोकं सारखी दिसली पाहिजेत.

जुगाडू
शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) बुशला ग्रीस मारा म्हणजे कुरकुर बंद.

लोखंडी
रबरी बुशला ग्रीस नको, रबर फुगतं. आणि शॅकलचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच घट्ट करा. गाडी उचललेली असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि फाटतो.

मोहर्लीकर
आणि शॉकअप? बदलायला हवेत का?

लोखंडी
तेल गळत असेल तर जोडीने बदला. नसेल तर ते पैसे यू-बोल्टला ठेवा. पहिल्या दिवशी गाडी फिरवून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, मग पहिला महिना दर आठवड्याला. गठ्ठा दबून बसतो, ते ढिले होतातच.

घाटवाट
पुढचे पाटे पण बघून घ्या. आणि पाटे वर घ्यायचं खरंच मनावर घ्या.