मदत हवी आहे : व्हिडिओ एडिटिंगसाठी रॅमची कोणती सेटिंग बदलू?

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. त्याआधी सगळ्या बिऱ्हाडांच्या आजी-आजोबांच्या मुलाखती मी फोरके व्हिडिओमध्ये घेऊन ठेवल्यात. त्यातले दोघं आता नाहीत, म्हणून हे काम मला नीटच करायचंय.

पीसीत ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम स्टिक आहेत, दोन्ही ३२०० वेगाच्या. टास्क मॅनेजरमध्ये मात्र वेग २१३३ दिसतो. म्हणजे बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, बंद आहे, एवढं कळलं. ते सुरू केल्यावर मशीन अस्थिर झालं तर मूळ सेटिंगवर कसं यायचं? शिवाय दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये आहेत. ड्युअल चॅनेलसाठी (दोन्ही स्टिक दोन मार्गांनी एकाच वेळी वापरल्या जाव्यात म्हणून) बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात ना?

मी एडिटिंग प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरवर करते. त्याच्या मेमरी सेटिंगमध्ये इतर प्रोग्रामसाठी किती रॅम राखून ठेवू? १६ पैकी ४ ठेवली तर विंडोजला पुरेल का? ब्राउझर मी बंदच ठेवते. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) सध्या हार्ड डिस्कवर आहे, ती एसएसडीवर नेणार आहे.

फुटेज एच.२६५ या खूप दाबलेल्या, एडिटिंगला जड जाणाऱ्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यामुळे प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) करायला हव्यात हे मान्य. पण लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन आणखी १६ जीबी आणायची का, हा खरा प्रश्न. जुन्या स्टिकसोबत वेगळ्या कंपनीची चालते, की ३२ चा जोडसंच घेऊन जुन्या काढाव्यात? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्यात, त्याआधी सगळ्यांना अंगणात एकत्र बसून बघायचंय.