कवितेचं रसग्रहण : मार्क नेमके कुठे जातात

एका ताईंचा प्रश्न : दहावीतल्या मुलाला गाईड पाठ, तरी इंग्रजीच्या रसग्रहणात मार्क कापले जातात. त्यावर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून दुसरं गाईड आणायचा सल्लाही आला. नका आणू. घोळ बहुधा अक्षर आणि उच्चार यांत असतो.

ऱ्हाइम स्कीम, म्हणजे कोणत्या ओळींचं यमक जुळतं ते ए, बी अशा अक्षरांनी दाखवणं, कानाने लावायची. कविता मोठ्यांदा वाचून प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. ‘कम’ (come) आणि ‘होम’ (home) कागदावर जुळ्यांसारखे दिसतात, पण यमक जुळत नाही. ‘ब्लू’ आणि ‘थ्रू’ यांचं स्पेलिंग वेगळं, तरी जुळतं. दुसऱ्या कडव्यात नवा ध्वनी आला की पुढचं अक्षर घ्यायचं. मुलं परत ‘ए’पासून सुरू करतात.

अलिटरेशन म्हणजे आपला अनुप्रासच. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही सी-ने सुरू होतात, पण ध्वनी स आणि क, म्हणून अनुप्रास नाही. ‘फोन’ आणि ‘फॅन’मध्ये मात्र आहे. ‘लाइक’ दिसला की सिमिली (उपमा) लिहून मोकळं व्हायचं, हीसुद्धा नेहमीची चूक. ‘आय लाइक मँगोज’मध्ये कसली आलीय उपमा? कशाची तुलना कशाशी, हे एका वाक्यात सांगता आलं तरच लिहा. मराठी माध्यमाच्या मुलाला उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती आधीच येतात; फक्त इंग्रजी नावं शेजारी लिहून घ्या.

थीम, म्हणजे मध्यवर्ती कल्पना, दोन-तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत. कवितेच्या ओळी उतरवणं म्हणजे थीम नव्हे.