दर उतरले, पण कर्ज कोण घेणार?

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, कमी केला की उद्योग आपोआप कर्ज उचलतात, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. २०२० आठवा. मार्च ते मे या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. तरी बँकांनी लाखो कोटी रुपये रिव्हर्स रेपोत, म्हणजे अवघ्या ३.३५ टक्के व्याजाने, रिझर्व्ह बँकेकडेच ठेवले. कारण गिऱ्हाईक कधी परतेल हेच कळत नसताना कारखानदार नवं यंत्र घेत नाही. एकदा बसवलेलं यंत्र परत करता येत नाही, थांबणं मात्र स्वस्त पडतं. बँकेलाही हप्ते थकण्याची धास्ती असतेच. अशा वेळी अर्ध्या-पाऊण टक्क्याने काय फरक पडणार?

दर चढताना मात्र झळ लगेच बसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५ टक्क्यांवर गेला, आणि पहिली वाढ तर ठरलेल्या बैठकीबाहेर, अचानक झाली. माझ्या गृहकर्जाचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र काही वर्षांनी लांबली. त्या वर्षी घरात मोठी खरेदी आम्ही केलीच नाही.