नोडला पगार नाही, तरी मी चालवतो
काहीजण विचारतात, दमडी मिळत नसेल तर बिटकॉइनचा नोड, म्हणजे व्यवहार नियमांनुसार तपासणारा प्रोग्राम, कोण चालवेल? मी चालवतो, बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी, जुन्या कॉम्प्युटरवर. बक्षीस मायनरला, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा (ब्लॉक) नोंदीत जोडणाऱ्याला: एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन, शिवाय व्यवहारांची फी. नोडला शून्य. पण मला आलेली रक्कम नियमात बसते की नाही, हे मी स्वतः तपासतो. कुणाच्या सर्व्हरवर विसंबत नाही. माझ्या लेखी हाच मोबदला, आणि तो मोठा आहे. डिस्क लहान असेल तर प्रूनिंग चालू करा. जुने ब्लॉक पुसले जातात, पडताळणी मात्र पूर्ण होते.

डॅश या दुसऱ्या क्रिप्टो चलनात मास्टरनोडला, म्हणजे तिथल्या खास नोडला, बक्षिसातला वाटा मिळतो खरा, पण त्यासाठी १००० डॅश तारण दाखवावे लागतात. सामान्य माणूस तिथेच बाहेर पडतो, म्हणून ती पद्धत मला पटत नाही.