मदत हवी आहे: लेव्हल ए कोडचं एमसी/डीसी कव्हरेज पुरं होत नाहीये

डीओ-१७८सी (विमानातल्या सॉफ्टवेअरचं मानक), लेव्हल ए (त्यातली सगळ्यात कडक पातळी), सी भाषेतला कोड. एका डिसिजनमध्ये तीन अटी आहेत: (चाकांवर भार आणि लिव्हर ओढलेला) किंवा जमिनीवरची तपासणी चालू. डिसिजन कव्हरेज (टेस्टमध्ये निकाल खरा आणि खोटा दोन्ही आला का, याचं माप) १०० टक्के आहे, एमसी/डीसी मात्र अडलंय. शिवाय स्टेट मशीनच्या (ठरलेल्या स्थितींमधून फिरणाऱ्या कोडच्या) स्विचमधल्या डिफॉल्ट शाखेत, म्हणजे ठरलेली कुठलीच स्टेट नसेल तेव्हाच्या वाटेवर, एकही टेस्ट पोचत नाही. ती काढून टाकावी का?

प्रतिसाद १
एमसी/डीसीत प्रत्येक अट एकटीच बदलली की निकाल बदलतो, हे दाखवायचं असतं. तीन अटींना किमान चार टेस्ट लागतात. तुमच्याच क्रमाने: खरी-खरी-खोटी, निकाल खरा. खोटी-खरी-खोटी, निकाल खोटा. खरी-खोटी-खोटी, खोटा. खरी-खोटी-खरी, खरा. पहिली-दुसरी जोडी भारासाठी, पहिली-तिसरी लिव्हरसाठी, तिसरी-चौथी तपासणीसाठी. अपेक्षित निकाल रिक्वायरमेंटमधूनच (कोडने काय करायचं, हे लिहिलेलं असतं त्यातूनच) घ्या. कोड वाचून घेतलात तर 'आणि'च्या जागी चुकून 'किंवा' पडलेलं असलं तरी टेस्ट पास होते.

डिफॉल्ट शाखा काढू नका! अवैध स्टेट आली तर काय करायचं, हे बहुधा रिक्वायरमेंटमध्येच लिहिलेलं नसेल. आधी ते लिहून घ्या. मग स्विचच्या आधी ब्रेकपॉइंट लावून (कोड तिथे थांबवून) स्टेटच्या व्हेरिएबलमध्ये २५५ सारखा अवैध आकडा घाला आणि कोड सुरक्षित स्थितीत जातो का, फॉल्ट नोंदवतो का, ते तपासा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कंपायलर ही शाखा उडवूनही टाकू शकतो. कंपायलरने बनवलेला ऑब्जेक्ट कोड उघडून बघाच.

प्रतिसाद २
कव्हरेज मोजायला कोडमध्ये घातलेल्या प्रोबमुळे टायमिंग बदलतं. त्याच टेस्ट प्रोब नसलेल्या बिल्डवर, खऱ्या टार्गेटवर (कोड ज्यावर चालणार त्या हार्डवेअरवर) पुन्हा चालवून निकाल ताडून बघा.

आणि सीमेवरचे आकडे विसरू नका. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं ते ६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटांत न मावल्यामुळे. ३२,७६७ च्या वर जागाच नव्हती. तोच कोड एरियान ४ वर बिनबोभाट चालला होता. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाचे आकडे त्याला कुणी दिलेच नव्हते. ओळ चालली की कव्हरेज हिरवं होतं, आकडा कुठला होता ते त्याला कळत नाही.

धागाकर्ता
आभारी आहे. या टेस्ट कोड लिहिणाऱ्यानेच लिहिल्या तर चालतील?

प्रतिसाद १
नाही. लो-लेव्हल रिक्वायरमेंटच्या (ज्यांवरून थेट कोड लिहिता येतो त्यांच्या) टेस्ट केस, त्यावरून कोड लिहिणाऱ्याने लिहायच्या नाहीत. रिक्वायरमेंटचा अर्थ त्याने चुकीचा लावला असेल, तर तीच चूक टेस्टमध्येही उतरते.