ऊस राज्याच्या रानात, दर केंद्राच्या हातात: हे कसे झाले?

प्रश्न (ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)
परवा कारखान्याचे बिल तपासत असताना मुलाने विचारले की, शेती हा राज्याचा विषय आहे असे शाळेत शिकवतात, तर उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान रास्त दर) दिल्लीत का ठरते? मला उत्तर देता आले नाही. साखरेचा किमान विक्रीदर आणि दरमहा विक्रीचा कोटाही केंद्रच ठरवते. मग २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा शासन निर्णय राज्याने कोणत्या अधिकारात काढला होता? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (वकील, कोल्हापूर)
मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. शेती राज्यसूचीत आहे. परंतु संसदेने लोकहितार्थ नियंत्रणाखाली घेतलेला उद्योग संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत जातो आणि १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने साखर उद्योग असा गेला. पुढे १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने खाद्यपदार्थांचा व्यापार व पुरवठा समवर्ती सूचीत (जिथे केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात) आला, १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा झाला आणि त्याच कायद्याखाली १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश निघाला. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, हे त्या आदेशातच आहे. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द केला, तो याच आधारावर. म्हणजे इथे केंद्राचा आदेशच शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला, हेही मान्य करायला हवे.

उत्तर (निवृत्त लेखापाल, कागल)
वकीलसाहेबांचे म्हणणे खरे असले, तरी ताळेबंद वेगळेच सांगतो. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२४-२५ मध्ये ती ३४० झाली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच राहिला. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली आणि काही दिवसांनी मर्यादित परवानगी मिळाली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या (इथेनॉल-अल्कोहोलचे प्रकल्प) उभारल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. निर्णय दिल्लीने घ्यायचा आणि व्याज इथल्या सभासदांनी भरायचे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर (वकील, कोल्हापूर)
आपली व्यथा रास्त आहे. तरीही राज्यांच्या हाती काहीच उरले नाही, असे नाही. केंद्राच्या एफआरपीसारख्या किमान ऊसदरापेक्षा अधिक दर राज्य ठरवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच मान्य केले असून उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा तसा दर जाहीर करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरील नियंत्रणाचा राज्यांचा अधिकार आठ विरुद्ध एक अशा मताने मान्य केला आणि राज्यांना तो अधिकार नाकारणारा १९९० चा निकाल मोडीत काढला. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यासाठी हा निकाल मोलाचा आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. महाराष्ट्राने असा स्वतंत्र दर का ठरवला नाही, हे आता आमच्या आमदारांना लेखी विचारतो.