राजघराण्यातील व्यक्तींनी प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात जावे काय?

मूळ प्रस्ताव

ब्रिटनच्या भूदलात भरती होणारा जवान राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो. हेच वारस पुढे गणवेश घालतात, छातीवर पदके लावतात आणि संचलनात मानवंदना स्वीकारतात. ज्याच्या नावाने दुसऱ्यांची मुले लढायला जातात, त्याने स्वतः सैनिकी पेशा पत्करला असेल, तर तुकडी आघाडीवर निघाल्यावर त्याला मागे ठेवणे मला अन्यायाचे वाटते; तो अन्याय त्या तुकडीवरही आहे आणि त्याच्यावरही.

हे अशक्य नाही, हे १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्धात दिसले. त्या वेळी राणी एलिझाबेथ यांचे पुत्र प्रिन्स अँड्र्यू २२ वर्षांचे होते आणि वारसाक्रमात दुसरे होते, कारण थोरले बंधू चार्ल्स यांचे पुत्र विल्यम यांचा जन्म अर्जेंटिनाने शरणागती पत्करल्यानंतर आठवड्याभराने झाला. तरीही ते 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू नौकेवरून सी किंग हेलिकॉप्टर चालवत राहिले. त्यांच्या कामगिरीत शत्रूच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राची दिशाभूल करण्यासाठी आमिष म्हणून हवेत थांबणेही होते. ज्या एक्झोसेटने ४ मे रोजी 'शेफील्ड' या नौकेवरील २० जणांचा बळी घेतला, त्याच क्षेपणास्त्राबद्दल मी बोलत आहे. अँड्र्यू यांच्या पुढील आयुष्यातील वर्तनाचे समर्थन मला करायचे नाही. पण त्या दहा-अकरा आठवड्यांत ते इतर वैमानिकांच्या बरोबरीने उडत होते, हे नाकारता येत नाही.

प्रतिसाद १

प्रस्तावातील न्यायाची कळकळ मला मान्य आहे, पण हिशेबात एक बाजू राहून गेली आहे. राजपुत्राने पत्करलेला धोका त्याच्या एकट्याचा नसतो. २००७ साली विल्यम यांचे धाकटे भाऊ प्रिन्स हॅरी यांची रेजिमेंट इराकला निघाली, तेव्हा तेही जातील असे आधी जाहीर झाले होते. मे महिन्यात लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी तो निर्णय मागे घेतला, कारण हॅरी यांना लक्ष्य करण्याच्या नेमक्या धमक्यांची माहिती हाती आली होती आणि त्या धोक्याची झळ त्यांच्यासोबतच्या जवानांनाही बसणार होती.

त्यांच्या हाताखाली बारा जवानांची तुकडी असणार होती. त्या बारांपैकी एकाच्या आईच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. मुलगा युद्धावर जाणार, हे तिने मनाशी स्वीकारलेले असते. पण शेजारच्या चिलखती गाडीत राजपुत्र बसला आहे, एवढ्याच कारणाने आपल्या मुलाच्या रस्त्यावर जास्त सुरुंग पेरले जातील, हे तिने का स्वीकारावे? फॉकलंडचा दाखला येथे लागू पडत नाही. समुद्रावरचे क्षेपणास्त्र वैमानिकाचे नाव विचारत नाही. रस्त्याकडेला दबा धरून बसलेला बंडखोर मात्र नेमके तेच विचारत असतो.

मूळ प्रस्तावकर्त्याचे उत्तर

आपण वर्मावर बोट ठेवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हॅरी अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात गेले आणि सुमारे दहा आठवडे तेथे राहिले. जमिनीवरून लढाऊ विमानांना लक्ष्य दाखवून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. विमानातील वैमानिकांना रेडिओवर केवळ एक आवाज ऐकू येई आणि त्या आवाजाची ओळख 'विडो सिक्स सेव्हन' एवढीच होती. पलीकडे राणीचा नातू आहे की शेतकऱ्याचा मुलगा, याच्याशी वैमानिकाला कर्तव्य नव्हते. सांगितलेली जागा अचूक असणे महत्त्वाचे होते. मला आदर्श वाटते ती स्थिती हीच.

ही व्यवस्था मोडली ती २००८ च्या फेब्रुवारीअखेरीस, परदेशी प्रसारमाध्यमांनी बातमी फोडल्यामुळे. त्यानंतर त्यांना तातडीने माघारी आणले गेले. म्हणजे धोका राजपुत्राच्या असण्यात कमी आणि त्याच्या प्रसिद्धीत जास्त होता. नाव झाकता येत असेल, तर पाठवता येते.

 

प्रतिसाद २

नाव झाकण्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी आपसात ठरवून ही बातमी दाबून ठेवली होती. हेतू चांगला होता, हे मान्य. पण एका व्यक्तीच्या रणभूमीवरील अनुभवासाठी देशातील सगळ्या प्रमुख माध्यमांनी वाचकांपासून सत्य लपवावे, हा पायंडा लोकशाहीत मला घातक वाटतो.

त्याहून गंभीर प्रश्न पकडले जाण्याचा आहे. पहिल्या महायुद्धात तेव्हाचे युवराज एडवर्ड आघाडीवर जाण्यासाठी हट्ट धरून बसले होते. आपण मेलो तरी मागे चार भाऊ आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. युद्धमंत्री किचनर यांना त्यांच्या मरणापेक्षा शत्रूच्या हाती सापडण्याची चिंता अधिक होती. ही चिंता पोकळ नव्हती, हे पुढच्या महायुद्धात दिसले. राजे सहावे जॉर्ज यांचे भाचे जॉर्ज लॅसेल्स १९४४ साली इटलीत जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले. त्यांना कोल्डिट्झच्या किल्ल्यात इतर कैद्यांपासून वेगळे, 'महत्त्वाचे कैदी' म्हणून ठेवले गेले. वेळ पडल्यास सौदा करण्यासाठी जपून ठेवलेली ती माणसे होती. १९४५ मध्ये हिटलरने त्यांच्या मृत्यूचा हुकूम काढला. तो अमलात आला नाही, म्हणून ते वाचले. हा राजाचा केवळ भाचा होता. त्याच्या जागी प्रत्यक्ष वारस असता, तर सरकारवर केवढा दबाव आला असता, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद ३

माझे वडील सैन्यात होते, म्हणून थोडे लिहिण्याचे धाडस करते. ते म्हणत की, जवान अधिकाऱ्याच्या घराण्याकडे पाहत नाही. गोळीबार सुरू झाल्यावर अधिकारी कोठे उभा आहे, एवढे मात्र तो पाहतो आणि आयुष्यभर लक्षात ठेवतो. व्हिक्टोरिया राणीचे नातू प्रिन्स मॉरिस १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे मारले गेले आणि त्यांना तेथेच, इतर सैनिकांच्या सान्निध्यात दफन करण्यात आले. १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत पुढे सहावे जॉर्ज झालेले प्रिन्स अल्बर्ट आजारी म्हणून अंथरुणावर होते. लढाईची चाहूल लागताच ते उठून जहाजावरच्या तोफेपाशी गेले. जिवावर उदार झालेल्यांमध्ये आपणही होतो, हे ज्याला खरेपणाने सांगता येते, त्याने पुढे युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहिले तर ते पोरक्या झालेल्या घरांना उपरे वाटत नाही.

प्रतिसाद १ यांचे पुन्हा

ताईंच्या भावनेचा आदर राखून दोन गोष्टी मांडतो. हॅरी २०१२ मध्ये अपाचे हेलिकॉप्टरवर पुन्हा अफगाणिस्तानात गेले, तेव्हा ते ज्या कँप बॅस्टियनमध्ये होते, त्यावर १४ सप्टेंबरला तालिबानने हल्ला केला. त्यात दोन अमेरिकी मरीन ठार झाले आणि सहा हॅरियर विमाने नष्ट झाली. तो हल्ला केवळ हॅरी यांच्यासाठी झाला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास पुरावा लागतो. पण २०२३ मध्ये आपल्या आत्मचरित्रात त्यांनी आपण २५ जणांना ठार केल्याचे लिहिले, आणि तो आकडा जगभर गाजला. निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच त्यावर नाराजी व्यक्त केली. सामान्य सैनिकाने असे लिहिले असते, तर चार लोकांनी वाचून सोडून दिले असते. राजपुत्राचे युद्ध तो परतला तरी संपत नाही.

मूळ प्रस्तावकर्त्याचे उत्तर

लॅसेल्स यांच्या उदाहरणाने मला माझे मत बदलावे लागत आहे, हे प्रांजळपणे नोंदवतो. थेट वारसाला शत्रूच्या हाती लागू शकेल अशा जमिनीवरील तुकडीत पाठवू नये, हे मी मान्य करतो. विल्यम यांनी २०१० ते २०१३ या काळात वेल्समधील अँगलसी बेटावरून शोध आणि बचाव हेलिकॉप्टर चालवले. ते युद्धक्षेत्र नव्हते, पण वादळी समुद्रावरून माणसे उचलून आणण्याचे काम दिखाऊ म्हणता येणार नाही. वारसासाठी तो मार्ग योग्य आहे.

मात्र वारसाक्रमात खाली असलेल्यांबाबत मी ठाम आहे. त्यांना पाठवायचे की नाही, हे राजवाड्याने किंवा मंत्र्यांनी ठरवू नये. डॅनट यांच्याप्रमाणे लष्करप्रमुखाने ठरवावे आणि तुकडीची सुरक्षितता एवढाच निकष ठेवावा.

प्रतिसाद २ यांचे पुन्हा

हा निकष मला मान्य आहे. पण मग तो प्रामाणिकपणे लावला गेला आणि उत्तर दरवेळी 'नको' असेच येत राहिले, तर त्या राजपुत्राला लढाऊ रेजिमेंटमध्ये घ्यावेच का? एका खऱ्या अधिकाऱ्याची जागा त्यामुळे अडते, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.